तेहतिसाचा डाव

आमच्या दाजींइतका हरायला आसुसलेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार ओझरचे, धंदा पाण्याच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरून देण्याचा. विघ्नहराचं देऊळ घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. लोक तिथे नोकरी, मूल, कोर्टातला निकाल असलं काहीबाही मागतात. हा गृहस्थ मात्र दर चतुर्थीला हात जोडून, 'देवा, मला कुणीतरी हरवू दे,' म्हणून उभा राहायचा. ताई शेजारीच उभी असायची आणि देवाने ते ऐकू नये म्हणून जोरात घंटा वाजवायची.

या सगळ्याचं मूळ अनारशांत आहे. दोन हजार सालाच्या पुढेमागे धोंड्याच्या महिन्यात आम्ही ताई-दाजींना आमच्या गावी, शिनोलीला बोलावलं. रिवाजाप्रमाणे आईने जावयापुढे तेहतीस अनारशांचं ताट ठेवलं. दाजींनी एकालाही तोंड लावलं नाही. ताटातल्या ताटात ते अनारसे सरकवत बसले. कधी पाचाच्या ओळी, कधी सहाच्या. आईला वाटलं, तूप कमी पडलं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना वाटलं, जावई न दिलेल्या घड्याळावरून रुसले. तासाभराने दाजींनी मान वर केली आणि म्हणाले, "मामा, सापडलं!" काय सापडलं ते कुणालाच कळलं नाही, पण मान राखायचा म्हणून आप्पा म्हणाले, "बरं झालं."

पुढच्या खेपेला ते जे घेऊन आले तो 'तेहतिसाचा डाव'. पाटावर पंचवीस घरं आखलेली, पाच आडवी, पाच उभी. दोघांकडे एक ते नऊ आकड्यांच्या भरपूर लाकडी सोंगट्या. आळीपाळीने एकेक ठेवायची. ज्याच्या सोंगटीने एखादी पाच घरांची ओळ भरून बेरीज बरोबर तेहतीस होईल, तो जिंकला. म्हणजे ओळीतली चौथी सोंगटी जपून ठेवायची, नाहीतर आपणच पुढच्याच्या तोंडात घास दिला. वाचायला सोपं वाटतं. खेळायला बसलं की घाम फुटायचा.

खेळ बरा की वाईट हे लोकांनी सांगायचं, असं दाजींचं तत्त्व होतं. दुकानात मोटर घेऊन आलेल्या प्रत्येकाला आधी डावाला बसवायचे. पण पिकाला पाणी नसलेला माणूस काय बोलणार? "लई भारी हाय राव! मोटर कवा देताय?" दाजी चिडायचे. "ह्या लोकांची अक्कल तारेत अडकलीय," म्हणायचे, "खरं बोलतात ते फक्त सासुरवाडीचे." या वाक्यावर ताई पदर तोंडाला लावून आत जायची. ती का हसते, हे दाजींनी कधी विचारलं नाही.

सासुरवाडीच्या मतांसाठी त्यांनी दोनशे पानी वही केली होती. वर ठळक अक्षरात 'हरकती व सूचना'. एरवी आमच्यासारखंच बोलणारे दाजी खेळाचा विषय निघाला की एकदम तहसील कचेरीतलं मराठी बोलू लागायचे. आमची आई एकदा सहज म्हणाली, "सोंगट्यांना रंगाचा लई वास येतोय बाई, जेवान नको व्हतं." आठवड्याने तिच्या नावाने पोस्टकार्ड आलं: 'आपली हरकत क्रमांक चौदा मान्य. सोंगट्या उन्हात ठेवल्या आहेत. कळावे.' आई ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवून मोकळी झाली. चुलते म्हणाले, पाट डुगडुगतोय. दाजींनी पाटाला चार रबरी बुचं बसवली. मग चुलते म्हणाले, आता हलंनाच. दाजींनी दोन बुचं काढली. शेजारची म्हातारी म्हणाली, आठाचा आकडा अंगावर येतोय. तर त्यांनी आठ जरा बारीक काढला आणि तिला तसं कळवलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून कार्ड मी वाचून दाखवलं. ती दिवसभर वाडीत ताठ मानेने फिरत होती.

सगळ्या हरकती मिटल्या, एकच मिटेना. ती दाजींची स्वतःची होती. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत: 'सुरुवात करणारा नेहमी जिंकतो.' शिनोलीत पहिला घास जावयाचा, पहिला चहा जावयाचा, मग डावाची पहिली सोंगटी तरी दुसऱ्या कुणाची असणार? सुरुवात कायम दाजींची आणि जिंकायचेही दाजीच. ते कासावीस व्हायचे. "ज्या खेळात एकच बाजू जिंकते, तो खेळ नसतो, दादागिरी असते," म्हणायचे. म्हणून त्यांनी नियम बदलला: सुरुवात करणाऱ्याने नऊ वापरायचा नाही. तरी जिंकले. मग आठ काढला, मग पाच. दर सणाला दाजींच्या हातातला एखादा आकडा कमी व्हायचा आणि दर सणाला ते जिंकून उदास चेहऱ्याने ओझरला परतायचे. दहा-बारा वर्षांत त्यांच्याकडे दोन, तीन आणि सात एवढेच आकडे उरले. तरी सात, आप्पांचा नऊ, पुन्हा सात, आप्पांचा आठ, आणि दाजींचा दोन. झाले तेहतीस! आप्पा कपाळाला हात लावायचे. "आवं पावणं, हरलो की पुन्हा!"

एव्हाना अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगचं कॉलेज आलं होतं. तिथे पोरांच्या खोल्यांवरची बोअरची मोटर जळाली म्हणून दाजींना बोलावणं गेलं. मोटर राहिली बाजूला, पाट मांडला. पहिल्या डावात दाजी हरले. दुसऱ्यात हरले. ओळीने अकरा डाव हरले, आणि हा माणूस आनंदाने अक्षरशः नाचला. खाली जाऊन पेढे आणून पोरांत वाटले, मोटर फुकट भरून दिली. तेवढ्यात चष्मेवाली एक मुलगी पेढा खात म्हणाली, "काका, सुरुवात करणाऱ्याकडे तीनच आकडे? तो जिंकूच शकत नाही. समोरच्याने मुद्दाम जिंकवलं तरच."

दाजी तिथून थेट शिनोलीला आले. पायरीवर बसले, पाण्याला हात लावला नाही. वही मांडीवर.

"मामा, खरं सांगा. मुद्दाम हरत होता?"

आप्पा टोपी चाचपत म्हणाले, "आता जावयाला कोण हरवतंय व्हय?"

"कधीपासून?"

"पाट आणला तवापासनं." मग आप्पांनाच राहवेना. "पर पावणं, तुमी लई अवघड करून ठेवलं व्हतं. आधी नुसतं हरायचं व्हतं. मागनं तुमच्याकडं तीनच आकडं! तेवढ्यात तुमाला जिकवायचं म्हंजी डोस्कं उठायचं. भात लावताना बी त्योच हिशोब. न्हाई जमलं तर पावणं उपाशी जातील, आसं वाटायचं."

दाजींनी बारा वर्षांची वही उलटीपालटी करून पाहिली आणि हळूच म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं मी खेळ तपासला नाही. तुमची माया तपासली." मला त्या क्षणी त्यांची फार दया आली, आणि आप्पांची त्याहून जास्त.

शेवटी आईनेच तोड काढली. म्हणाली, "आज पावणं न्हाईत, मोटरवालं हायेत. बसा दोघं." सगळे आकडे परत डब्यातून निघाले, अगदी पहिले नियम. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा जावयाआधी सोंगटी ठेवली. अर्ध्या तासात त्यांनी दाजींना हरवलं आणि चोरी केल्यासारखं स्वयंपाकघराकडे पाहिलं. दाजी ओरडले, "पुन्हा!" मग काय विचारता! आप्पा सोंगट्या अशा आपटत होते, जणू बारा वर्षांची उधारी एका दुपारी वसूल करायची होती. "घ्या! ह्यो घ्या! ही वळ मेली तुमची!" चहा तीनदा निवला. आप्पा ओळीने सहा डाव जिंकले. सातवा दाजी जिंकले, आणि सहा हरण्यांच्या आनंदावर तो एक विजय बांधून ओझरला गेले. नियम त्यांनी पुन्हा कधी बदलले नाहीत.

आप्पा पुढे तीन वर्षांनी गेले. दहाव्याला माणसं पांगल्यावर दाजी माझ्याजवळ येऊन बसले. वही सोबत होती. मला विचारलं, "तो सातवा डाव मामा खरा खेळले होते ना रे?"

मी त्या दिवशी आप्पांच्या शेजारीच होतो. ओळीत तीन सोंगट्या होत्या, बेरीज एकवीस. एकचा आकडा ठेवला असता तर तेहतिसाला अकरा लागले असते आणि ती ओळ तिथेच मेली असती. आप्पांनी एक उचललाही होता. मग त्यांनी दाजींकडे पाहिलं, तो गुपचूप खाली ठेवला आणि पाच ठेवला. दाजींच्या हातात सात होता.

"खरा खेळले," मी म्हणालो.

दाजींनी खिशातून पेन काढलं, शेवटच्या पानावर तसं लिहिलं आणि वही मिटली. मी तरी दुसरं काय सांगणार होतो? जावयाला कोण हरवतं?