गवळणीत शिरलेला बैल

ते प्रकरण आठवलं की आजही मला एकट्यालाच हसू फुटतं. चाळीसच्या दशकात मी पारनेर तालुक्यात फौजदार होतो. एके सकाळी विशीतला एक शाहीर ठाण्यात आला. त्याचा छोटासा तमाशाचा फड होता.

"सायेब, माजी गवळण चोरली," तो म्हणाला.

हवालदारानं फिर्याद लिहायला घेतली. "चोरीस गेलेल्या मालाचं वर्णन सांग," म्हणाला, तर शाहीर गायलाच लागला. कृष्णानं मथुरेच्या वाटेवर गौळणींना अडवलंय, असं ते गाणं होतं. दुसऱ्या कडव्याला हवालदार लेखणी ठेवून टेबलावर ठेका धरून बसला होता. फिर्याद राहिली बाजूला.

हकीकत अशी होती. दुसऱ्या एका जुन्या फडाच्या सरदारानं, म्हणजे फडाच्या म्होरक्यानं, ती गवळण उचलली होती. अशा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव असतं. तेवढं काढून सरदारानं आपलं घातलं आणि गावोगाव गात सुटला. आता लोक या पोरालाच चोर म्हणत होते. त्याच्या स्वतःच्या गावच्या पंचांनी जत्रेची सुपारी परत घेतली होती. "गावानंच चोर म्हनलं तर डफ कुठं वाजवायचा?" त्यानं विचारलं. मला त्याची फार कीव आली.

खरं सांगायचं तर गाण्याच्या चोरीला कुठलं कलम लागतं हे मलाही ठाऊक नव्हतं. नगरच्या एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, कॉपीराइटचा कायदा आहे. रचना ज्यानं केली त्याचीच, त्यासाठी ती सरकारात नोंदवावी लागत नाही. मात्र गुन्हा अदखलपात्र. पोलिसांनी परस्पर अटक करायची नाही, फिर्यादीनं मॅजिस्ट्रेटपुढे जायचं, आणि मुख्य म्हणजे गाणं आपलं हे शाबीत करायचं. इथंच घोडं पेंड खात होतं. शाहिराकडे गाण्याचा कागद होता, तसा सरदाराकडेही होता.

तेवढ्यात हवालदारानं बातमी आणली की सरदाराचा फड पारनेरच्या बाजाराला उतरलाय. मी शाहिरालाही ठाण्यात बसवून घेतलं आणि सरदाराला चौकशीला बोलावलं. भरघोस मिशा, डोक्याला फेटा, आणि आल्या आल्या तोंडाचा पट्टा सुरू.

"गवळण काय कुनाच्या बापाची हाय व्हय? किसनदेवाची हाय!"

"मग शेवटी नाव तुमचं कसं? देवाचं घालायचं होतं," मी म्हणालो. "गाऊन दाखवा."

माणूस खोटं बोलताना सावध असतो, पण गाताना नसतो, हा माझा अनुभव. कानावर हात ठेवून सरदार रंगात आला. कोठडीतला पाकीटमारसुद्धा गजांवर ताल देऊ लागला. आणि गौळणी मथुरेच्या वाटेला लागल्या असताना मध्येच ओळ आली:

"बैल सुटला, पाटील, धरा हो दावं,
म्हातारीला कुणी बाजूला घ्यावं!"

मी हात वर केला. "हा बैल कुठला?"

"गोकुळातला."

"आणि पाटील?"

सरदारानं फेटा सारखा केला. "नंदराजाच की पाटील. सायेब, यात लई गूढ हाय. बैल म्हंजी मन, दावं म्हंजी देवाचं नाव, अन् म्हातारी म्हंजी माया. आमी गावोगाव हा अर्थ सांगतो. लोक माना डोलावत्यात."

कोपऱ्यात उभा असलेला शाहीर पोट धरून खाली बसला. "आवो, ती म्हातारी खरीच हुती! तुडवली असती!"

त्यानं ही गवळण पहिल्यांदा गायली ती शेजारच्या एका गावी, जत्रेत सगळे फड देवापुढं गातात त्या हजेरीला. ढोलकीच्या आवाजानं पाटलाचा बैल उधळला. गाणं न थांबवता यानं त्याच चालीत पाटलाला हाक मारली. सरदाराचा एक साथीदार त्या गर्दीत बसून गवळण पाठ करत होता. त्यानं बैलासकट पाठ केली.

मी त्या गावच्या पाटलाला बोलावून जबाब घेतला. तो छाती काढून म्हणाला, "बैल माजाच. न्हाई म्हननारा कोन हाय?" अख्खं गाव साक्षीला यायला तयार होतं.

सरदाराचा चेहरा पडला. मी त्याला दोन वाटा सांगितल्या: मॅजिस्ट्रेटपुढे बैल म्हणजे मन हे सिद्ध कर, नाहीतर पोराच्या गावी जाऊन खरं सांग. त्यानं दुसरी पत्करली. जत्रेत भर हजेरीला फेटा काढून तो म्हणाला, "गवळण या पोराची हाय. आमी नाव बदललं, चुकलो." पंच वरमले. शाहीर गायला उभा राहिला आणि शेवटच्या कडव्यात आपलं नाव आलं तेव्हा ती ओळ त्यानं दोनदा म्हटली. बंदोबस्तावर असूनही मी टाळ्या वाजवल्या.

पुढे कुणी नवा कलावंत भेटला की मी सांगत असे: बाबा, रचना कागदावर ठेव, पण पहिल्यांदा चारचौघांत म्हण. कागदाची नक्कल करता येते, माणसांच्या आठवणीची नाही. आणि कायदा तुझ्या बाजूनं आहे, एवढं माहीत असू दे.

या आठवणींत कुणाचं नाव द्यायचं नाही, असं मी ठरवून लिहायला बसलो. चोरांच्या बाबतीत ते सोपं गेलं. या शाहिराच्या बाबतीत मात्र हात अडतो. आपल्या नावाखेरीज त्याचं दुसरं काही मागणंच नव्हतं.