लाल सीटची दूधगाडी

माझ्या मामीला खेळण्यातल्या जुन्या गाड्यांचं वेड आहे, असं कुणी म्हटलं की मी लगेच थांबवते. वेड मामाला आहे, मामीचं. मामीला आहे ती नजर.

बटणांच्या कारखान्यात तिने नोकरीभर सरकत्या पट्ट्यावरची बटणं तपासली. भोक जरा सरकलेलं दिसलं की बटण बाजूला. निवृत्त झाल्यावर तीच नजर मुठीत मावणाऱ्या, ओतीव धातूच्या जुन्या गाड्यांकडे वळली. एकाच साच्यातून निघालेल्या हजारो गाड्यांत एखादीचं चाक वेगळं असतं, एखादीच्या दिव्यांना रंगच नसतो. कारखान्यात कधी माल संपलेला, कधी कुणाला डुलकी लागलेली. मामी नेमकी ती गाडी हुडकते. हातात आली की आधी उलटी करते, कारण तळाचा पत्रा रिव्हेटने, म्हणजे डोकं चेपलेल्या खिळीने, ठोकलेला असतो आणि आतलं काही बदलायचं तर रिव्हेट उघडावीच लागते. गाडी बनावट निघाली तर तोंडावर सांगते. भिडेखातर खोटं बोलणं तिला जमतच नाही. त्यापायी सख्ख्या भावाशी तिचा अबोला झाला होता, आणि तरी मला तिचा अभिमानच वाटतो.

तिच्या कपाटात अगदी पुढे एक निळी दूधगाडी होती. या गाडीत सीट पिवळ्या असतात. पिवळं प्लास्टिक संपलं म्हणून मोजक्याच गाड्यांत लाल बसवल्या गेल्या, आणि मामी वर्षानुवर्षं तशा गाडीच्या मागावर होती. शेवटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मामाने लग्नाच्या वाढदिवसाला ती आणून दिली. वर पुढे कित्येक वर्षं जिकडेतिकडे इतकी फुशारकी मारली, की संग्राहक मंडळाचे अध्यक्षच घरी आले. त्यांना ती प्रदर्शनात मधोमध मांडायची होती. मामीच्या कपाटातली गाडी काय तपासायची, असं सगळे धरूनच चालले होते.

"खरी आहे, एवढं फक्त तुमच्या तोंडून ऐकू द्या," अध्यक्ष म्हणाले.

मामाने झटकन गाडी उचलून तिचा तळ तळव्याने झाकला. सीट यानेच बदलल्या होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मामी खरं बोलली तर पाहुण्यांसमोर नवऱ्याची शोभा होणार. खोटं बोलली तर तिच्या शब्दाला काही किंमत उरणार नाही.

मामीने गाडीला हातसुद्धा लावला नाही. "खरी नाही. सीट बदलल्यात."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. "कुणी?"

"मी," मामा खाली मान घालून म्हणाला. मग मामीकडे वळला. "तुला कधी कळलं गं?"

"हातात दिलीत तेव्हाच. रिव्हेट घड्याळवाल्याच्या हातची आहे. कारखान्यात इतकं नीटनेटकं कोण करतं?"

"आणि तरी इतकी वर्षं सगळ्यांत पुढे ठेवलीस?"

"मग कुठे ठेवू? बाकीच्या सगळ्या कुणाच्या तरी चुकीने झाल्यात. ही एकच कुणीतरी माझ्यासाठी केलीय."