लवू घाडींचा आवाज

चारकोपच्या त्या सेक्टरात लवू घाडींना ओळखत नाही असा माणूस नव्हता, पण त्यांना बोलताना ऐकलेला माणूस शोधावा लागला असता. मूळचे देवगडकडचे, छापखान्यातून रिटायर झालेले. संध्याकाळ झाली की पाय आपोआप शाळेच्या हॉलकडे वळायचे. तिथे 'रंगसोबत' या हौशी नाट्यसंस्थेच्या तालमी चालत आणि लवूकाका तिचे प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, टॉर्चच्या उजेडात संहिता धरायची आणि कुणी वाक्य विसरलं की ते अशा बेताने कुजबुजायचं, की नटाला कळावं आणि पहिल्या रांगेला कळू नये. पंचवीसेक वर्षं हेच केलं. त्या नादात त्यांचा आवाजच तेवढा उरला. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तरी ते त्याच्या कानाशी वाकायचे.

यंदा नव्या नाटकाची दिग्दर्शिका होती श्रुतिका. सेक्टरातलीच मुलगी, काकांच्या डोळ्यांदेखत मोठी झालेली. ती म्हणाली, "काका, राग मानू नका हं. पण ह्या वेळी प्रॉम्प्टिंग नको. सगळ्यांनी पाठच करायचं."

काका मान हलवून घरी आले. दोन संध्याकाळी गॅलरीतल्या तुळशीची पिवळी पानं खुडत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको शेवंती करवादली, "रविवारी नाटकात घेऊक माणसां निवडतत ना? मग तुमी जावा."

"मी? माका कोण घेतलो?"

"विचारल्याशिवाय कसा कळतला?"

रविवारी काका धुतलेला शर्ट घालून ऑडिशनला गेले. नाटकात एका आजोबांची मुख्य भूमिका होती. आजोबा परदेशी निघालेल्या नातवाशी भांडतात, तो प्रवेश करायचा होता. त्याचे कागद आधीच वाटले होते आणि काकांना तो आदल्या दिवशीच तोंडपाठ झाला होता. समोर श्रुतिका आणि संस्थेचा सेक्रेटरी निमेश टेबलामागे बसले होते. काका उभे राहिले, डोळे भरून आले, बोट रोखलं गेलं, ओठ हलले. सगळं झकास. फक्त ऐकू काही येईना.

"काका, जरा मोठ्याने," निमेश म्हणाला.

काकांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मागे आपल्या नंबराची वाट बघणाऱ्या पोरींपैकी एक खुदकन हसली. श्रुतिकाने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण काकांनी ते हसणं ऐकलं होतं. दबलेलं बोलणं-हसणं ऐकण्यात त्यांचे कान तयारच होते. ते "येतो" म्हणाले. तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

घरी पेजेचं ताट तसंच राहिलं. शेवंतीने ते झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने त्यांना बसमध्ये घातलं आणि मार्वेच्या किनाऱ्यावर नेलं. खाडीपलीकडे जाणारी फेरीबोट सुटत होती, इंजिन धडधडत होतं. शेवंती ओल्या वाळूतून बरीच लांब चालत गेली आणि वळून उभी राहिली.

"माका हाक मारा!" ती ओरडली.

काका पुटपुटले, "अगो..."

"ऐकाक येना नाय! नावान मारा!"

आता आली पंचाईत. लग्न झाल्यापासून काकांनी बायकोला नावाने हाक मारलीच नव्हती. अगो, ऐकलंस काय, एवढ्यावर संसार झाला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. धक्क्यावर रिकामी टोपली घेऊन बसलेली कोळीण, मंजुळा तिचं नाव, हा सगळा प्रकार मजेत बघत होती.

"लोकां बघतत गो!" त्यांनी मंजुळेकडे बोट दाखवत ओठ हलवले.

"बघूंदेत! मी हयसून हलतलंय नाय!"

ऊन चढायला लागलं. शेवंतीला गुडघ्याचा त्रास, तरी ती पदर खोचून तशीच उभी. काकांना आधी तिचा राग आला, मग तिची दया आली आणि मग त्यांनी डोळे मिटून तोंड उघडलं.

"शेवंतेऽऽ!"

धक्क्यावरचे कावळे उडाले. काका स्वतःच दचकले. मंजुळा म्हणाली, "आता कसं! बोटीतल्यांनीपन ऐकला." शेवंती लांबून हसत होती. आणि काका, कुणी सांगितलं नसताना, पुन्हा एकदा ओरडले. मग आणखी एकदा. तिसऱ्या हाकेला शेवंती म्हणाली, "पुरे, पुरे! लाज नाय ती!"

संध्याकाळी ते हॉलवर श्रुतिकाकडे गेले. "पोरी, एकदा परत ऐकशील?"

तिला बरं वाटलं आणि वाईटही. "काका, आजोबांचं काम शिवदासकाकांना दिलं. आता बदलता नाही येणार."

"नको बदलू. नुसतं ऐक."

हॉल रिकामा होता. काकांनी नातवाशी भांडायला सुरुवात केली. आवाज चिरका होता, मध्येच फाटत होता, पण शेवटच्या खिडकीपर्यंत जात होता. झाडू मारणारे महादूमामा केरसुणी टेकून ऐकत राहिले. प्रवेश संपल्यावर श्रुतिकाने संहितेची पानं उलटली.

"शेजाऱ्याचं एक काम आहे," ती शेवटी म्हणाली. "कानाने ठार बहिरा. सगळ्यांशी ओरडूनच बोलतो. चार वाक्यं आहेत फक्त. कराल?"

"करतंय तर!" काका इतक्या जोरात म्हणाले की ती दचकून मागे सरकली.

त्या चार वाक्यांनी दोन महिने शेवंतीच्या नाकीनऊ आले. सकाळी दूधवाल्यालाही बहिऱ्या शेजाऱ्याचा आवाज ऐकावा लागे. वरच्या मजल्यावरची गंधाली विचारायला आली, "काकी, काकांना ऐकू कमी येतंय का हो?"

बोरिवलीच्या नाट्यगृहात प्रयोग झाला. शिवदासकाकांनी आजोबा सुरेख उभे केले. लवूकाकांनी एक वाक्य वेळेआधीच म्हणून टाकलं, तरी हशा आलाच. पडदा पडल्यावर सगळे हात धरून ओळीत उभे राहिले. काका मात्र विंगेच्या कडेला घुटमळले, कारण अशा वेळी कुठे उभं राहायचं असतं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. निमेशने मनगट धरून त्यांना मधोमध ओढलं. पडदा वर गेला. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला आणि सरळ झाले, काका तसेच वाकलेले. मेकअप उतरत होता, चष्मा घसरला होता. तिसऱ्या रांगेत शेवंती शेजारच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसून सांगत होती, "तो आमचो. तो वाकलेलो."