वाघिणीच्या चिठ्ठ्या

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडेल. पोरीला वाचायला लावायच्या नादात मी अख्खं गाव घरात कोंडलं, त्याची ही गोष्ट.

मी मोहर्लीच्या जंगल सफारीच्या गेटवर गाइड. मातीतला ठसा पाहून वाघ कधी गेला ते सांगतो, पर्यटक माना डोलावतात. आणि माझी तिसरीतली छकुली? पुस्तक दिसलं की पसार. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "भाऊ, येते तिले, पण वाचतच नाई. पुढे लय जड जाईन." मला खरंच घोर लागला.

पोरीला वाघाचं भारी वेड. म्हटलं, चिठ्ठ्यांचा माग लावू. सकाळी ड्युटीवर निघताना दारावर चिकटवली, 'वाघीण विहिरीकडे गेली.' विहिरीवर दुसरी, 'इथे पाणी पिऊन गोठ्यात शिरली.' गोठ्यात जिलेबीचा पुडा. आणि सवयीनं दोन्ही चिठ्ठ्यांखाली सही ठोकली, 'गाइड'.

छकुलीनं चिठ्ठीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विहिरीवरची वाचली पाण्याला आलेल्या शेजारच्या काकूंनी.

"गाइडची सही आहे, खोटं थोडीच राहीन?" म्हणत त्यांनी घागर तिथंच टाकली. फोटो गावाच्या ग्रुपवर गेला. दारं लागली, शाळेला सुट्टी झाली, वनरक्षक काठ्या घेऊन आले. पर्यटकांच्या दोन जिप्सी जंगल सोडून माझ्या गोठ्यासमोर उभ्या!

मला गेटवर फोन आला, "भाऊ, तुमच्या गोठ्यात वाघीण शिरली."

मी "माझी छकुली कुठी आहे?" ओरडत धावत सुटलो. ही वाघीण मीच सोडली आहे, हे रस्ताभर एकदाही डोक्यात आलं नाही. सांगा, असा गाइड कुठे पाहिलाय?

गोठ्यात छकुली जिलेबी खात बसलेली.

"चिठ्ठी वाचून आलीस?"

"नाई. मुंग्यांच्या मागं मागं आली."

मी चिठ्ठ्यांचं सगळं कबूल केलं, तसे वनरक्षक म्हणाले, "भाऊ, आता माफीनामा बी असाच मोठ्या अक्षरात लिवा." तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला. दुसऱ्या दिवशी गर्दी जमली, आणि पुढे कोण? छकुली. अक्षरावर बोट ठेवून, खणखणीत आवाजात, 'माझ्या मूर्खपणामुळे'पासून सहीपर्यंत सगळं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून. मला लाजही वाटत होती आणि आनंदही होत होता.

बाई मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, पोरगी लागली जी वाचाले. आता आठवड्याले एक तरी गाढवपणा करत जा."