लेख तळापासून वाचणाऱ्या बाई

वारजे, १४ मे २०१९. वालाच्या डाळिंब्या सोलत बसले होते. वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या आणि सासूबाईंच्या विसराळूपणावर मी मागवलेल्या चूर्णाचा नेटवरचा लेख माझ्या फोनवर, त्यांच्या सवयीप्रमाणे, तळापासून वाचू लागल्या.

“अहो, लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण ऑर्डरचं बटण आहे! डॉक्टरांना विचारलंत?”

माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी सासूबाईंपुढे डाळिंब्या सरकवल्या आणि त्यांच्या माहेरचा विषय काढला. माझ्याशी हल्ली जेमतेम बोलणाऱ्या सासूबाई सोलता सोलता चक्क हसल्या.

“उद्या येशील ना गं?” त्यांनी बाईंना विचारलं.

मला असं कधी विचारलं नव्हतं. अंगाचा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूर्ण फेकलं, डॉक्टरांची वेळ घेतली आणि बाई खाली यायच्या आत सासूबाईंपुढे गवार घेऊन बसले.