खाडीला दिलेली साडी

होडीचं इंजिन बंद पडलं आणि आम्ही आडवे वाहायला लागलो. ओहोटी लागलेली. खालच्या अंगाला जुन्या धक्क्याचे मोडके खांब पाण्यातून वर आले होते आणि होडी त्यांच्याकडेच निघाली होती. तांडेल (होडी चालवणारा) पुन्हा हँडल मारायला वाकला, तर माझ्या नातीने, शुभदाने, त्याचा हात धरला.

"मामा, नका मारू. पंख्यात काहीतरी अडकलंय. आधी नांगर टाका."

"पुढून टाकतो. तू मागं बघ काय हाय ते."

दोर ताणला, होडीने गचका खाल्ला. पण खाली नुसता चिखल, नांगर धरेना. होडी सरकतच होती.

काय अडकलं होतं ते मला ठाऊक होतं.

सकाळी आम्ही कापड्याहून एस.टी.ने निघालो. शुभदा मुंबईला विद्यापीठात बोटींच्या इंजिनांचं शिकते. शेवटचं वर्ष. आता तिला मोठ्या बोटीवर शिकायला जायचं होतं, म्हणून खाडीपलीकडच्या देवीला कोंबडा द्यायला निघालो होतो. पोलादपूरला शेजारी एक बाई येऊन बसली. सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "बोटीवर? मग हिला पोरगा कोण देनार गो?"

"बोटीवर सगळे पोरगेच हायत," मी म्हटलं. 

महाडला स्टँडसमोर मिसळ खाल्ली. नुसती तिखट. मग रिक्षाने खाडीवर. दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं, मधे गढूळ पाणी, वारा नाही. होडीत आमच्याशिवाय पलीकडच्या गावचे एक मास्तर तेवढे होते.

मधोमध आल्यावर मी खाडीची ओटी भरली. एरवी नारळ आणि खण सोडतात. पण पोरगी समुद्रावर जाणार, खणावर कशाला भागवायचं, म्हणून मी नायलॉनची नवी साडी आणली होती. तांडेल पुढे बघत होता. मी मागच्या बाजूने सोडली.

"साडी हाय ती. मी टाकली," मी सांगितलं.

"आजी, खाडीला नेसवत होतीस की माझ्या इंजिनाला?" तांडेल म्हणाला.

शुभदा हसली नाही. तिने तांडेलाचा कोयता घेतला, कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"दोनदा ओढलं की वर घे. विचारत बसू नको."

ती खाली गेली. वर आली, श्वास घेतला, परत गेली. खांबांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपांच्या धारदार कडा आता दिसायला लागल्या. मास्तर देवाचं नाव घेऊ लागले. मी म्हटलं, "आधी दोर धरा." तांडेल बांबू घेऊन उभा राहिला.

दोर दोनदा ओढला गेला. आम्ही तिला वर घेतलं. पंख्याच्या पात्याने तिचा हात फाटला होता, मुठीत हिरव्या साडीच्या चिंध्या होत्या.

"आता मारा, मामा."

तांडेलाने बांबू मास्तरांच्या हातात दिला आणि हँडल मारलं. पहिल्यांदा लागलं नाही. दुसऱ्यांदा लागलं. तोवर मास्तरांच्या हातातला बांबू खांबाला टेकला होता.

परतताना आम्ही लांबच्या पुलावरून एस.टी.ने आलो. शुभदाच्या हाताला फडकं बांधलं होतं. मी म्हटलं, "मोठ्या बोटीवर गेलीस की मागून कोण काय टाकतंय ते बघत जा."

"तिथं तू नसशील," ती म्हणाली.

होडीत आम्ही चार माणसं होतो. चौघंही जगलो. कोंबडा देवळापर्यंत जगला.