गाळलेली अमावस्या

मी गणितात बी.एस्सी. केलेली बाई. अंगात येणं, करणी, भानामती... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसायचे. अजूनही बाकीच्या गोष्टींना हसतेच. ही एक सोडून.

साल एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या आसपासचं. ठाण्यात नौपाड्यात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आमचं इंजिनिअरिंग सल्लागारांचं ऑफिस होतं. साहेबांचं नाव लिहीत नाही, मुलं वाचत असतील. एका बिल्डरला खाडीकाठी भराव घालून इमारती बांधायच्या होत्या. भरावामुळे भरतीचं पाणी कोळीवाड्यात किती चढेल, हे कॉम्प्युटरवर काढायचं काम माझं.

खाडीचे आकडे आणायचे जनूकाका. कोळीवाड्यातलेच, साठीचे. खुणा केलेली काठी घेऊन पाण्याची उंची वहीत लिहायचे. मी तारखा टाइप करायला लागले तेव्हा म्हणाले, "पोरी, तारीख नको टाकू. खाडीला तारीख कलत नाय, तिथी कलते." म्हणून मी पंधरवड्याच्या पंधरा तिथींचे पंधरा रन ठेवले, एका बॅच फाइलमध्ये, पंधरा ओळींत. सी प्रॉम्प्टवर UDHAN टाइप करून एंटर मारलं की एकामागून एक रन व्हायचे आणि T1 ते T15 अशा निकालाच्या फाइली तयार व्हायच्या. पंधरावी अमावस्येची.

आषाढी अमावस्येला दुपारी सोसाट्याचा वारा होता. काका म्हणाले, "साहेब, आज धक्क्यावर पाय ठरनार नाय." साहेब म्हणाले, "आकडा आजचाच पाहिजे. जा." माझ्यासमोर म्हणाले. काका गेले ते परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी खाजणातल्या चिखलात सापडले. वही कमरेला, प्लॅस्टिकमध्ये बांधलेली. शेवटचा आकडा लिहिलेला होता.

पोलिसांना साहेबांनी सांगितलं, "तो स्वतःहून गेला. आम्ही कुणाला पाठवलंच नव्हतं." मी बाजूला उभी होते. नोकरी नवी होती... मी गप्प बसले.

वही काकांच्या बायकोने, काकूंनी, स्वतः आणून दिली. मी आकडा घातला, रन केला. भराव झाल्यावर कोळीवाड्यात अमावस्येला उंबऱ्यावर अडीच फूट पाणी. साहेबांनी कागद बघितला आणि हसले. "पंचांगात एखादी तिथी गळते ना, क्षयतिथी? समज, या पंधरवड्यात अमावस्येचा क्षय. काढ ती ओळ."

ज्या आकड्यासाठी माणूस गेला, तोच गाळायचा! माझ्या डोक्यात तिडीक गेली. आणि तरीही मी ओळ पुसली. आकड्याची फाइलसुद्धा उडवली.

सकाळी दहाला UDHAN दिलं. चौदा रन संपल्यावर थांबायला हवं होतं. जेवून आले तर स्क्रीनवर पंधरावा चालू! बॅच फाइल उघडून बघितली – चौदाच ओळी. T15 पुसली, पुन्हा चालवलं. पुन्हा पंधरा. साहेब भडकले, "मुद्दाम करतेस का गं?" मग स्वतः बसले, स्वतःच्या हातांनी चौदा रन केले, डिरेक्टरी तपासली आणि खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी देणारे दोन इंजिनिअर आले. साहेबांनी कुलूप उघडलं आणि रुबाबात सगळ्या फाइली प्रिंटरला सोडल्या. प्रिंटर करकरत चौदा पानं छापून थांबला... आणि परत सुरू झाला. पंधरावं पान. कोळीवाडा, अमावस्या, अडीच फूट. थोरल्या इंजिनिअरनी चष्मा लावला. तोवर आणखी एक पान आलं. तेही T15. मी घाईघाईने DIR दिलं. यादीत T15 दोनदा होती. डॉस वापरलेले वाचक सांगतील, एका डिरेक्टरीत एका नावाच्या दोन फाइली असूच शकत नाहीत.

त्या दुसऱ्या T15 च्या पानावर अमावस्या, दुपारी एक वाजून दहा मिनिटं, पाणी तीन फूट आठ इंच. ठिकाणाच्या जागी – PUNYAI.

"हे पुण्याई कुठे आलं हो?" इंजिनिअरनी विचारलं.

साहेब पांढरेफटक पडले. कळव्याला खाडीकाठी त्यांनी स्वतःच्या भरावावर बंगला बांधला होता. नावाची पाटी अजून लागायची होती, त्यांच्या टेबलाच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. ऑफिसात कुणालाही ते नाव माहीत नव्हतं.

भरावाला मंजुरी मिळाली नाही. साहेबांनी मला वाटेल ते बोलून घेतलं, श्रावणातच वास्तुशांत उरकली आणि राहायला गेले. पिठोरी अमावस्येला दुपारी खाडी दिवाणखान्यात शिरली. भिंतीवरची ओल मी स्वतः टेपने मोजली. मदतीला म्हणून गेले होते, खरं तर मोजायलाच. तीन फूट आठ इंच. मला भीती नाही वाटली. आनंद झाला, खोटं कशाला सांगू!

त्यानंतर साहेब अमावस्येला दुपारी खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचे. विसरले, तर मी चहा ठेवता ठेवता आठवण करून द्यायचे, "साहेब, आज अमावस्या." वर्षभर केलं असं. मग त्यांनी ऑफिसच बंद केलं.

काकूंना मी ते पान दाखवलं, सगळं खरं खरं सांगितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. पानावरून हात फिरवून म्हणाल्या, "तुज्या सायबानी येक आवस चोरली. आमच्या यानी दोन दिल्या." पंचांगात तिथी गळते तशी कधी दोन दिवसही येते. वृद्धी म्हणतात तिला. मला तोवर सुचलंच नव्हतं.

खूप जाणकारांना विचारलं. कुणी व्हायरस म्हणालं, कुणी डिस्क खराब. पाटीवरचं नाव डिस्कला कसं कळलं, ते कुणी सांगत नाही.

पण माझा प्रश्न तो नाही. साहेबांना काकांनी सोडलं नाही. मला का सोडलं? पोलिसांसमोर मी गप्प होते, आणि ती ओळ माझ्याच बोटांनी पुसली होती. आता मी वर्तकनगरला चौथ्या मजल्यावर राहते. तरी दर अमावस्येला दुपारी एकच्या सुमाराला दार उघडते आणि जिना खालपर्यंत बघून येते. अजून तरी कोरडा असतो.